सांदण दरीत वाहतूक कोंडी

मे सरत आला की भिवंडीच्या निजामपुऱ्यात माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू येऊ लागतं. एरवी ही सोय आमच्याकडे नाही. यंत्रमागाच्या गावात पोर पाळण्यात असल्यापासून खटखट ऐकतं आणि तिच्या वरच्या पट्टीत बोलायला शिकतं. भिवंडीकर भांडत नसतो, नुसता बोलत असतो, हे बाहेरगावाहून आलेल्या सुनेच्या लक्षात यायला वर्ष जातं, तोवर ती बिचारी रोज संध्याकाळी "काय झालं हो?" म्हणून दारात येते. पण मे-जूनमध्ये कामगार मुलुखाला जातात. कुणी उत्तर प्रदेशात, कुणी बिहारात, कुणी तेलंगणात. घरी लग्नं असतात, पावसाआधी शेत बघायचं असतं. बरेच माग थांबतात, जॉबर रिकामा बसतो, मेहताजींच्या वहीत लिहिण्यासारखं काही उरत नाही आणि चहाच्या कपात चमचा फिरवलेला पलीकडच्या टेबलावर ऐकू जातो.

आमचे बेत ठरतात ते याच दिवसांत. वर्षभरात कुणी "चला, कुठंतरी जाऊ" म्हणालंच, तर समोरच्याला "बीम लागला का?" असं ऐकू येतं आणि तो "उद्या" म्हणून निघून जातो.

यंदा जे स्पष्ट ऐकू आलं ते 'सांदण'.

भंडारदऱ्याच्या पलीकडं, रतनगडाच्या शेजारी साम्रद नावाचं गाव आहे. तालुका अकोले, जिल्हा पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. गावापासून थोडं चालून गेलं की चांगल्या सरळ जमिनीला एकदम चीर पडलेली दिसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून जो काळा कातळ झाला, त्यात पाण्यानं आपली वाट कोरत कोरत दोनशे फुटांच्या आसपास खोल नेली. तळाशी घरंगळून आलेले धोंडे, दोन्ही अंगांना उभ्या भिंती, मध्ये पाण्याचे डोह, वर आभाळाची पट्टी. गिर्यारोहक मंडळी दोर लावून कडे उतरतात आणि खाली कोकणात, शहापूर तालुक्यातल्या डेहण्याकडं निघतात. त्याहून हौशी असतात ते डेहण्याकडून उलटे चढत येतात. साधी माणसं साम्रदकडून आत शिरतात, कडा तुटतो तिथपर्यंत जातात आणि दरी चढून आल्या वाटेनं परत येतात. आम्ही साधी माणसं.

आमच्या ग्रुपवर आलेल्या संदेशात मात्र 'आशिया खंडातील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी' असं होतं. हा क्रमांक सांदणीला कुणी दिला याचा शोध मी सोडून दिलेला आहे, पण पहिला क्रमांक कुणाचा, एवढं तरी कुणी सांगावं. तिबेटात यारलुंग त्सांगपोची दरी आहे, तिची खोली मैलांत मोजतात. तिच्यानंतर लगेच आमचे दोनशे फूट लावायचे म्हणजे मधल्या सगळ्या आशियाला सुट्टी दिल्यासारखं आहे. ग्रुपवर मात्र कुणालाही शंका आली नाही. भिवंडीला अशा वाक्यांची सवय आहे. आमची गोदामं आशियातली सर्वांत मोठी, आमचे माग आशियात सर्वांत जास्त. एवढंच काय, आमच्या रस्त्यावरचा खड्डासुद्धा जिल्हा पातळीवर थांबायला तयार नसतो. दुसरा क्रमांक ऐकून उलट दादा जरा हिरमुसले. "दुसरा कशाला? पयला असंल तिथं जाऊ ना!"

आता दादा कोण, हे सांगायला हवं. आमच्या ग्रुपमध्ये सगळी भिवंडी बसते. दादा काल्हेरकडचे आगरी. वडिलांनी ज्या खाचरात भात लावला तिथं आता गोदाम उभं आहे, आणि त्या गोदामाच्या भाड्यावर दादांची गळ्यातली साखळी दर दिवाळीला थोडी जाड होते. चाचा निजामपुऱ्यातले जुने, कोकणी मुसलमान. त्यांच्या घरातली बोली ऐकून रत्नागिरीकराला माहेर आठवतं. अण्णा पद्मानगरचे पद्मशाली. घरात तेलुगू, हिशेब मराठीत, आणि माग बंद पडला की हिंदी. मेहताजी कारखान्यांच्या वह्या लिहितात, त्यामुळे या सगळ्यांचं खरं उत्पन्न त्यांना ठाऊक आहे आणि सगळे त्यांच्याशी नम्रपणे वागतात. दादांचा भाचा ग्रुपचा अ‍ॅडमिन. वहिनी, म्हणजे दादांच्या घरच्या, फारसं बोलत नाहीत. मी शाळेत शिकवतो, म्हणून 'सर', आणि म्हणून वाटेत दिसणाऱ्या प्रत्येक डोंगराचं नाव मला आलंच पाहिजे असा नियम.

ग्रुपच्या सहलीचं एक शास्त्र आहे आणि ते सगळ्या महाराष्ट्रात सारखंच असावं. सहल पक्की करतात ती न येणारी माणसं. "नक्की!", "मी आहेच", "गाडी मोठी करा" हे सगळं त्यांचं असतं. तारीख त्यांच्या सोयीनं ठरते, जेवणात काय असावं यावर ती भांडतात, आणि आदल्या रात्री साडेदहाला त्यांच्या मावसभावाच्या साडूला बरं नसतं. जे खरोखर येतात ते ग्रुपवर कधीच काही लिहीत नाहीत. चाचांनी तर शेवटपर्यंत एक अंगठा सोडून काही पाठवलं नाही, आणि पहाटे सगळ्यांच्या आधी वंजारपट्टी नाक्यावर पांढऱ्याशुभ्र झब्बा-पायजम्यात तेच उभे होते.

दरी चढायला पांढरा झब्बा का, असं भाच्यानं विचारलं. चाचा म्हणाले, "अरे बाबा, माणूस हरवला तर दिसला पाहिजे."

गाडीत बसल्यावर पहिला वाद रस्त्याचा. समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा, इगतपुरी ते आमणे, ५ जून २०२५ ला खुला झाला. आमणे आमच्याच तालुक्यात. म्हणजे नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता आमच्या अंगणात येऊन संपतो, किंवा आमच्या मतानं आमच्या अंगणातून सुरू होतो. ७६ किलोमीटरचा हा नवा तुकडा, त्यात सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. कसारा घाट चढायची गरजच नाही. भाच्याचं म्हणणं, समृद्धीनं चला, झटक्यात इगतपुरी. दादांचं म्हणणं, समृद्धीवर थांबता येत नाही, टपरी नाही, वडा नाही, मग निघालोच कशाला? अण्णांना बोगद्यात मोबाइलची रेंज जाते याची काळजी. मेहताजींनी टोल आणि डिझेल यांची बेरीज-वजाबाकी करून जुन्या रस्त्याच्या बाजूनं निकाल दिला, आणि त्या निकालात वड्यांचे पैसे धरलेले नव्हते हे शहापूरला कळलं.

मला जुना रस्ता बरा वाटतो तो वेगळ्या कारणानं. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला एक बिबट्या गळ्यात पट्टा घेऊन निघाला आणि महिन्याभराच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. विद्या अत्रेय आणि त्यांचे सहकारी उपग्रहाच्या मदतीनं त्याच्या मागावर होते. त्याचं नाव त्यांनी ठेवलं 'आजोबा', आणि २०१४ साली त्याच्यावर त्याच नावाचा मराठी चित्रपटही आला. कसाऱ्याजवळ त्यानं रेल्वे ओलांडली, हा आमचा आग्रा रोडही ओलांडला, आणि कुणाला पत्ता लागला नाही. हे मी गाडीत सांगितलं तेव्हा सगळे भारावले. एकट्या मेहताजींनी विचारलं, "जेवणाचं काय केलं त्यानं?" जेवण त्याचं त्यानं बघितलं असावं. पण 'अजून किती?' असं त्यानं कुणाला विचारल्याची नोंद नाही, आणि एवढ्यावरून तरी तो आमच्या ग्रुपचा नव्हता हे सिद्ध होतं. आमच्या गाडीत हा प्रश्न पडघ्याला सुरू झाला होता.

घोटीला महामार्ग सोडला की बारी गाव लागतं. वर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर. इथं आशियातला क्रमांक कुणी लावत नाही, राज्यातला पहिला पुरतो. मी माहिती सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "कॉलेजात असताना गेले होते. पहाटे निघून नऊला खाली." दादांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. घरात माग चालू असणार.

शेंडी गेलं, भंडारदऱ्याचं १९२६ साली पुरं झालेलं धरण मागं पडलं, आणि घाटघरला मेहताजी खऱ्या अर्थानं जागे झाले. घाटघरला २५० मेगावॉटचा वीज प्रकल्प आहे. वर एक धरण, खाली कोकणात चोंढ्याच्या बाजूला दुसरं. विजेची मागणी वाढली की वरचं पाणी खाली सोडून वीज करायची, आणि मागणी उतरली, म्हणजे रात्री, की तेच पाणी पंपानं परत वर चढवायचं.

"वर चढवायला वीज लागत असंल ना, सर?"

"लागते."

"खाली येताना जेवढी मिळते त्यापेक्षा जास्त?"

"जास्तच."

"मग हा धंदा बुडीत आहे," मेहताजी म्हणाले आणि हिशेब बंद केला. रात्रीच्या पडून असलेल्या विजेची किंमत आणि संध्याकाळच्या मागणीच्या विजेची किंमत यांतला फरक त्यांना समजावून सांगितला तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे सूत स्वस्त असताना भरून ठेवायचं!" माझ्या शाळेत भौतिकशास्त्राचा धडा इतक्या लवकर कुणाला समजलेला नाही.

साम्रदला वाटाड्या घ्यावा. आम्हीही घेतला: गावातलाच तरुण, महादेव कोळी, पायात साधी चप्पल, हातात काठीसुद्धा नाही. त्यानं आधी आमच्या पायांकडं बघितलं, मग डब्यांकडं. पायांबद्दल तो काही बोलला नाही. डब्यांबद्दल म्हणाला, "हे सगळं आत न्यायचं?"

न्यायचंच होतं. चाचांच्या घरून भाभींनी खिमा-पाव आणि डझनावारी उकडलेली अंडी दिली होती. दादांकडं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी. अण्णांचा चिंचभात. मेहताजींचे ठेपले, जे त्यांनी सुकटीपासून सुरक्षित अंतरावर राहावेत म्हणून वेगळ्या पिशवीत, वेगळ्या माणसाच्या खांद्यावर दिले होते. तो माणूस मी. वहिनींनी तेवढा नारळाच्या काथ्याचा दोर घेतला होता. कशाला, असं कुणी विचारलं नाही.

सांदणीच्या तोंडाशी उभं राहिल्यावर सहसा माणसं स्तब्ध होतात म्हणे. आतून गार वारा येत होता, बाहेर मेचं ऊन आणि आत माठाशेजारी बसल्याचा थंडावा. भिंती जवळ येत गेल्या, आभाळ अरुंद होत गेलं, पायाखाली एकावर एक धोंडे. काही ठिकाणी हात पसरले की दोन्हीकडचा कातळ बोटांना लागत होता. पुढं चाललेले दादा थांबले, वर बघितलं, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं आणि म्हणाले, "जल्ला, ही तं आपली निजामपुऱ्याची गल्ली हाय रं!"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. दोन्ही अंगांना न संपणाऱ्या भिंती, ऊन दुपारी घटकाभर, खाली पाय ठेवताना बघून ठेवायचा, मध्येच अकारण पाणी, आणि समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला चिकटायचं. पेट्रामध्ये अशीच एक अरुंद घळ आहे, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब. ती पार केली की समोर कातळात कोरलेली ती जगप्रसिद्ध इमारत उभी राहते, आणि त्या घळीतून चालायला लोक विमानानं जॉर्डनला जातात. अ‍ॅरिझोनात अँटेलोप नावाची दरी आहे, तिथं आधी तिकीट काढून वाटाड्याबरोबर आत सोडतात. माणसांना दोन भिंतींमधून चालायची एवढी हौस असेल तर आमच्या महानगरपालिकेच्या नावातला निजामपूर, जो पाटीवर लिहिला जातो आणि बोलताना सगळे गिळतात, तो एकदा पर्यटनाच्या नकाशावर यायला हरकत नसावी. फरक इतकाच की सांदणीत मागून हॉर्न वाजत नाही.

वाटाड्यानं मात्र पहिल्याच वळणावर आम्हाला थांबवलं. "हळू बोला. कड्यांना आग्या मोहोळं असतात. आवाज, अत्तर, धूर, काही चालत नाही."

आमच्यावर अशी वेळ पूर्वी आली नव्हती. चाचांनी झब्ब्याला अत्तर लावलं होतं. त्यांनी पाण्याच्या बाटलीनं मनगटं धुतली आणि पुढचा अर्धा तास हात अंगापासून दूर धरून चालले. बोलण्याचं मात्र काही केल्या जमेना. दादांची कुजबुज म्हणजे इतर गावात ग्रामसभेला पुरेल एवढा आवाज. अण्णा अगदी हळू म्हणाले, "पाणी दे," आणि ते पाणी, दे, दे, दे असं भिंतींवरून फिरून त्यांच्याकडंच परत आलं. स्वतःचा आवाज असा परत ऐकायची आम्हाला सवय नाही. आमच्याकडं तो माग खाऊन टाकतात. थोड्या वेळानं सगळे हातवारे करून बोलू लागले, आणि हातवारे जमले, कारण कारखान्यात तेच चालतं. तिकडच्या मागाचा धोटा अडकला, इकडचा ताका संपला, चहा सांग, हे सगळं चालू मागांमध्ये उभं राहून दोन बोटांनी सांगता येतं. साडेसहा कोटी वर्षांच्या त्या शांततेत आमची माणसं एकमेकांना कांडी बदलायच्या खुणा करून 'धोंडा हलतो, जपून' असं सांगत होती.

पहिला डोह मेअखेर म्हणून आटलेला, नुसता चिखल. दुसऱ्यात कमरेएवढं पाणी होतं. आणि तिथंच कोंडी झाली.

सुट्टीचा दिवस. वरून आम्ही आणि आमच्या मागं नाशिकची पोरं, खालून परतणारा पुण्याचा ग्रुप, त्यांच्यामागं एक कुटुंब, आजीसकट. वाट एकच, तीही कातळाच्या कडेनं, पाण्यातून. पुण्याच्या ग्रुपकडं हेल्मेटं होती, शिट्टी होती, नावांची यादी होती, आणि त्यांचा म्होरक्या "आमची वेळ आधीच ठरलेली आहे" असं नम्रपणे पुन्हा पुन्हा सांगत होता. नाशिकची पोरं पाण्यात उतरून फोटो काढत होती. आजी एका धोंड्यावर बसून सगळ्यांना "लवकर करा रे" म्हणत होती. पुढचा सरकेना, मागचा ढकलू लागला, कुणाची तरी सॅक पाण्यात गेली.

पुण्याहून आलेल्या माणसाला हा प्रसंग संकट वाटला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. आमच्यासाठी तो नेहमीचाच मंगळवार होता. माणकोलीच्या नाक्यावर दोन कंटेनर, एक टँकर, शाळेची बस आणि उलट्या बाजूनं घुसलेली रिक्षा यांच्यात ज्यानं उमेदीची वर्षं काढली, त्याला कमरेएवढ्या पाण्यातली पन्नास माणसं म्हणजे काय? दादा खांद्यावरचा टॉवेल काढून मधल्या उंच धोंड्यावर चढले. मोहोळांचा धाक होता म्हणून तोंड बंद. सगळा कारभार टॉवेलावर. खालून येणारे डावीकडं. वरून जाणारे थांबा. आजी पहिल्या. मग पोरं. हलकी माणसं आधी, पाठीवर बोजा असलेली मागून. अवजड वाहनांना दिवसा बंदी हा नियम आम्हाला शिकवावा लागत नाही. वहिनींनी तो काथ्याचा दोर या काठापासून त्या काठापर्यंत धरला, अण्णांनी त्याच्या आधारानं सॅका हातोहात पलीकडं दिल्या, आणि मेहताजी पलीकडं बसून सॅका मोजून ताब्यात देत होते, ताके मोजतात तशाच, प्रत्येक नगाला माणूस ओळखून. पुण्याच्या म्होरक्याशी चाचांनी बोलणी केली. काय बोलले ते मला ऐकू गेलं नाही, पण तो हसला आणि त्यानं यादी खिशात ठेवली.

बघता बघता वाट मोकळी झाली. जाताना म्होरक्यानं दादांना विचारलं, "तुम्ही कुठल्या रेस्क्यू टीमचे?"

"भिवंडी," दादा म्हणाले.

त्यानं मान हलवली. याहून जास्त खुलासा त्याला लागला नाही.

पुढं कडा तुटतो तिथं बसून जेवलो. खाली कोकण पसरलेलं, उन्हानं पांढुरकं; डेहण्याकडची घरं, त्यांच्या अंगाला आजा पर्वत. त्या दिशेला आपली भिवंडी, असं मी बोट दाखवून सांगितलं. अण्णांनी लगेच मोबाइल उंच धरून रेंज मिळते का पाहिलं. ठेपले वाऱ्याच्या वरच्या अंगाला, सुकट खालच्या अंगाला अशी बैठक मेहताजींनी लावली, पण अर्ध्या तासात ठेपल्याबरोबर चिंचभात, भाकरीबरोबर ठेपल्याचा छुंदा, असे व्यवहार सुरू झाले. सुकटीकडं मेहताजी फक्त बघत होते. त्या बघण्यात तिरस्कार नव्हता, एवढंच मी नोंदवतो.

लोक म्हणतात, डोंगरात शांततेसाठी जायचं. ज्याला शांतता हवी तो एकटा जातो, ग्रुप कशाला जमवतो? ग्रुप जातो तो जे घरी करतो तेच उंचावर करायला. वाद तोच, डबे तेच, मेहताजींचा हिशेब तोच. फक्त तिथून कुणी फोन करून बोलावून घेऊ शकत नाही. मला यात काही वाईट दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांनी आपापल्या ग्रुपचे फोटो नीट बघावेत, दरी कितीशी दिसते त्यात ते मोजावं.

खरी दरी सुरू होते ती परतताना. येताना धोंड्यांवरून उड्या मारत उतरलेली वाट आता चढायची असते, पोटात खिमा, चिंचभात आणि अंडी. येताना जो धोंडा बसायला बरा वाटला होता तोच आता छातीला लागतो. भाचा पहिल्या दहा मिनिटांत सर्वांच्या पुढं गेला आणि अकराव्या मिनिटाला आम्हाला एका धोंड्यावर आडवा भेटला. दादांची साखळी त्यांना जड होऊ लागली. ती काढून त्यांनी वहिनींकडं दिली, आणि ती एकदा गेली ती आजतागायत परत आली नाही असं ऐकतो. अण्णांनी मध्येच जाहीर केलं की पुढच्या वेळी समुद्र. चाचांचा झब्बा गुडघ्यापासून खाली चिखलाचा, वर अजून पांढरा. ते एका लयीत चढत होते, न थांबता, न बोलता. मेहताजींनी धापा टाकत घाटघरची आठवण काढली. "सर, त्या पाण्याला पंप आहे."

वाटाड्याला 'अजून किती?' विचारण्यात अर्थ नाही. तो म्हणतो, "हे काय, आलंच." हे उत्तर तो सकाळी देतो, दुपारी देतो, आणि तुम्ही गावात पोचून खाटेवर बसलात तरी देईल. मी एकदा वेगळ्या तऱ्हेनं विचारून बघितलं, "तुला एकट्याला किती वेळ लागतो?" तो म्हणाला, "मला? मी एकटा कशाला येऊ इथं?" या उत्तरावर चाचा एवढे हसले की त्यांना बसावं लागलं, आणि त्या निमित्तानं आम्ही सगळेच बसलो.

चढणीत सर्वांच्या पुढं वहिनी होत्या. हे कुणाच्या लक्षात यायच्या आधीच त्या वर पोचून, गावात जाऊन, एका घरी भाकऱ्या सांगून आल्या होत्या. सगळे डबे रिकामे करून आलेली माणसं तासा-दीड तासानं पुन्हा जेवायला बसली: पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. अण्णांनी तिसऱ्या भाकरीला समुद्राचा बेत मागं घेतला. घरच्या बाईंनी पैसे सांगितले. मेहताजींचा हात सवयीनं वर झाला, भाव पाडायचा तो खास हात, आणि वहिनींनी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. मेहताजींनी सांगितले तेवढे मोजून दिले, वर सुट्टे परत घेतले नाहीत. त्यांच्या वहीत हा खर्च कोणत्या खात्यावर पडला, ते बघायची माझी फार इच्छा आहे.

परततानाही कसारा घाटच घेतला. मेअखेर या भागात झाडांवर काजवे चमकू लागतात, ते बघायला थांबू असं भाचा म्हणत होता, पण तेवढं जागं कुणी राहिलं नव्हतं. पडघ्याच्या पुढं गाडी कोंडीत अडकली तेव्हा दादांनी एक डोळा उघडून बाहेर बघितलं, टॉवेल चाचपला आणि डोळा परत मिटला.

तुम्ही जाणार असाल तर मेअखेरीआधी जा. एकदा पाऊस सुरू झाला की ती वाट पाण्याची असते. मग आत उतरायचं नसतं, कुणी कितीही व्हिडिओ दाखवले तरी. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, त्यामुळे बाटल्या जेवढ्या नेल्या तेवढ्या मोजून परत आणा. मोजायला मेहताजी हवे असतील तर कळवा. अत्तर नको, स्पीकर नको. वाटाड्या गावातलाच घ्या. आणि जेवायचं असेल तर त्याला सकाळी, दरीत उतरायच्या आधी सांगा, म्हणजे वर आल्यावर भाकरी गरम मिळते.